पांढरी सोडून माळावर

मागील वर्षी एका उत्सवाहून परतताना देवस्थानच्या महाद्वाराशी आमच्या हाती एक रंगीत पत्रक देण्यात आले. वर देवाची प्रतिमा, प्रतिमेच्या पाठीशी हिरवीगार टेकडी, टेकडीवर तांबड्या कौलांचे टुमदार घर. आणि खाली मजकूर असा की, देवाच्या सान्निध्यात, डोंगरमाथ्यावर, पाच पाच गुंठ्यांचे तुकडे विक्रीस आहेत. पत्रके वाटणारा मनुष्य विश्वस्तांच्या संमतीनेच उभा होता, आणि हे त्याने आम्हांस मोठ्या अभिमानाने सांगितले. ते देवस्थान कोणते, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. बीदर व कलबुर्गी ह्या दोन जिल्ह्यांच्या सीमाभागात हा प्रकार एकाच ठिकाणी घडत असता, तर आम्ही लेखणी उचललीच नसती.

आमची तक्रार विकणाऱ्याविषयी नाही. त्याचा तो धंदाच आहे. आमची तक्रार विकत घेणाऱ्यांविषयी, म्हणजे आपणांविषयी आहे. मुंबई, पुणे, सोलापूर, हैदराबाद येथे आयुष्य घालविलेली, पंक्तीला मांडीला मांडी लावून बसणारी, तीर्थ डोळ्यांस लावून प्राशन करणारी आपली माणसे निवृत्तीच्या पैशातून हे तुकडे घेत आहेत, आणि ते घेताना जे पाहावयास हवे त्यातले काहीही पाहत नाहीत. देखावा पाहतात. वारा पाहतात. कळस दिसतो की नाही एवढे पाहतात. उतारवयात देवाजवळ राहावे ही इच्छा पवित्र आहे, तीत आम्ही दोष काढीत नाही. परंतु देवाजवळ राहण्यासाठी देवाच्या डोक्यावर घर बांधण्याची आवश्यकता कोणत्या शास्त्रात सांगितली आहे?

आपल्या पूर्वजांनी गावाच्या भूमीचे भाग करून ठेवले होते. काळी पेरण्यासाठी, पांढरी राहण्यासाठी, आणि त्यांच्यापलीकडे माळ. माळावर घर कोणी बांधीत नसे. तेथे गुरे चरत, धनगर मेंढरे फिरवी, सरपण मिळे; आणि मुख्य म्हणजे तेथे पाऊस मुरे. सरकारी दप्तरात ह्या भूमीला पडीक म्हटले गेले व तो शब्द आपण खरा मानला. माळ पडीक नसतो. तो पाण्याचे शेत आहे; त्याचे पीक खालच्या विहिरींत व झऱ्यांत उगवते, एवढेच.

हे बीदरइतके स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसेल. बीदरचे पठार जांभ्या दगडाचे आहे. काळ्या पाषाणाच्या थरांवर कित्येक पुरुष खोल असे जांभ्याचे झाकण बसलेले आहे. जांभा हा सच्छिद्र दगड. पावसाचे पाणी तो पिऊन घेतो आणि खालच्या चिकण थरावर व पाषाणावर ते अडले की पठाराच्या कडेकडेने झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. नरसिंह झरणीच्या भुयारात छातीइतक्या पाण्यातून चालत जाऊन ज्यांनी दर्शन घेतले आहे, त्यांनी ते पाणी कोठून येते ह्याचा कधी विचार केला आहे काय? पापनाश तीर्थाचे पाणी, गुरु नानक झिऱ्याचे गोड पाणी, ही सारी ह्याच तांबड्या दगडाची देणगी आहे. गुलबर्ग्याहून राजधानी हलवून बहामनी सुलतान पंधराव्या शतकात ह्या पठारावर आले, तेव्हा त्यांनी उंची पाहिली तसे पाणीही पाहिले. नौबादजवळची करेझ, म्हणजे जमिनीखालून खोदलेला आणि ठिकठिकाणी उभे झरोके ठेवलेला जलमार्ग, ह्याची साक्ष आजही देतो. इराणातून आलेली ती विद्या. आलेल्या परक्यांना आपल्या डोंगराचे पोट कळले, आणि येथल्या देवांचे म्हणविणाऱ्या आपणांस ते कळू नये, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

कोकण-गोमंतकातून आलेल्या आमच्या बांधवांची येथे विशेष फसगत होते. त्यांना जांभा नवा नाही. चिऱ्यांच्या घरात ते जन्मले, सड्यावर खेळले, आणि अंगणातल्या बांयचे पाणी वैशाखातही चार हात दोराने काढले. बीदरचा तांबडा माथा पाहताच त्यांना माहेर भेटल्यासारखे होते व ते इसार देऊन मोकळे होतात. दगड तोच आहे, हे खरे. आकाश मात्र ते नव्हे. गोव्याच्या किनाऱ्यावर वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; बीदरला ८०० ते ९००, आणि तोही लहरी. तेथे जांभा दरवर्षी तुडुंब भरतो. येथे तो एखाद्या वर्षी अर्धाच भरतो आणि लागोपाठ दोन वर्षे रिकामा राहिला तरी कोणास नवल वाटत नाही. शेजारच्या लातूर शहरास एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, ही गोष्ट विसरण्याइतकी जुनी झालेली नाही.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी असाच एक तुकडा श्रावणात पाहिला आणि कार्तिकात घेतला. माथ्यावर कूपनलिका पाडली. सहाशे फुटांपर्यंत धूळ निघाली. दुसरी पाडली, तिला थोडे पाणी लागले. पण त्याच उन्हाळ्यात खालच्या वाडीची विहीर दोन महिने आधी आटली. ती आमच्या कूपनलिकेमुळेच आटली हे कशावरून, असे ते विचारतात. सिद्ध करता येत नाही, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु वाडीतल्या बायका आता त्यांच्या कुंपणाला वळसा घालून कोसभर पाणी आणतात, आणि हे गृहस्थ टँकर मागवितात. दोघेही पाण्यावाचून, मात्र एकाजवळ पैसा आहे. पुढे त्यांनी शोषखड्डा खणला. सच्छिद्र दगडात शोषखड्डा उत्तम चालतो, कधी भरतच नाही, असे कौतुकाने सांगितले. भरत नाही, तर जाते कोठे? जे पावसाचे पाणी झऱ्याला जाते त्याच वाटेने तेही जाते. माथ्यावर अशी पन्नास घरे झाली म्हणजे खाली पळीभर तीर्थ म्हणून आपण काय प्राशन करणार आहो, ह्याचा विचार निदान सोवळे नेसणाऱ्यांनी तरी करावा.

झरणीची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. नृसिंहाने असुराला मारिले आणि त्या असुराने अखेरीस मागितले ते एवढेच, की पाणी होऊन आपल्या पायांशी वाहत राहावे. असुराला जी बुद्धी झाली ती भक्तांना होऊ नये?

कोणी म्हणेल की खालची काळी जमीन पावसात फुगते व उन्हात फाटते, तिच्यावर भिंती तडकतात. तांबडा माथा घट्ट असतो, म्हणून घर वर बांधलेले बरे. ह्यात तथ्य आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. म्हणूनच तर पांढरी काळीहून वेगळी काढली गेली. घट्ट भूमीवर, पण पाण्याच्या जवळ आणि शेजाऱ्यांच्या हाकेच्या अंतरावर गाव वसविले गेले. काळीवर घर बांधू नये ह्यावरून माळावर बांधावे असे निष्पन्न होत नाही. शिवाय माथा घट्ट असला तरी उतार घट्ट असतोच असे नाही. विकणारे उतार कोरून आणि कोरलेली माती पुढे लोटून सपाट ओटे करतात. त्या ओट्यावरच्या घराचा अर्धा पाया मूळ भूमीवर आणि अर्धा भरावावर उभा राहतो, आणि दोन पावसाळ्यांत मधोमध चीर पडते. गोव्यात डोंगर कापण्यास कायद्याने बंदी घालावी लागली. तरीही तेथे काय चालले आहे ते आमच्या गोमंतकीय वाचकांस आम्ही सांगावयास नको. दि. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव ज्या रीतीने चिखलाखाली गेले तशी भीती ह्या कोरड्या प्रदेशात सहसा नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. येथला डोंगर अंगावर येत नाही. तो पाणी देण्याचे बंद करतो.

भूमी मात्र हलते. दि. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. किल्लारी आमच्या सीमेपासून दूर नाही. हजारो माणसे गेली ती भूकंपाने तितकी नव्हे, जितकी मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी व धाब्याच्या मणामणांच्या ओझ्याने. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिंचोली तालुक्यात गडिकेश्वरच्या परिसरात पुन्हा धक्के बसले आणि लोकांनी रात्री उघड्यावर काढल्या. असे असता ‘जुन्या पद्धतीचे, दगडामातीचे, परंपरागत’ घर बांधून देतो असे पत्रकात छापतात, आणि आपणही परंपरा ह्या शब्दाला भुलतो. दगडाचे घर वाईट असे नाही. परंतु भिंतीतून आरपार जाणारे बांधदगड, कोपऱ्यांची बळकटी, दारे-खिडक्यांवरून सर्व भिंतींना कवटाळणारा काँक्रीटचा पट्टा आणि हलके छत ह्यांवाचून ते बांधणे म्हणजे किल्लारी विसरणे होय.

कागदपत्रांविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण तेथेही श्रद्धेचा गैरफायदा घेतला जातो. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्यास शेतजमीन घेण्यास कायद्याची आडकाठी आहे. कर्नाटकातही १९६१ च्या भूसुधारणा कायद्यात ७९-अ व ७९-ब ही कलमे होती. ती २०२० मध्ये काढून टाकण्यात आली आणि तेव्हापासून सीमेपलीकडचा पैसा इकडे वाहू लागला. परंतु शेतजमीन घेता येते म्हणजे तीवर घर बांधता येते असे नव्हे. त्यासाठी १९६४ च्या जमीन महसूल कायद्याच्या ९५ व्या कलमाखाली बिगरशेतीची परवानगी लागते. ‘ती मागाहून होईल’ असे जो सांगतो त्याने ती आधी करून दाखवावी. दुसरे असे की माळाची जमीन पुष्कळदा कोणा गरिबाला सरकारने दिलेली असते. अनुसूचित जाति-जमातींच्या कुटुंबांस अशी दिलेली जमीन सरकारच्या पूर्वपरवानगीवाचून विकत घेतली, तर १९७८ च्या कायद्याने तो व्यवहारच रद्द ठरतो. आणि २०२३ च्या दुरुस्तीने ह्या कायद्याखाली दाद मागण्यास कालमर्यादा नाही असे ठरविले आहे. आम्ही हे केवळ खरेदीदाराच्या हितासाठी सांगत नाही. भूमिहीनाच्या पदरी पडलेले दोन एकर देवाच्या नावावर लाटले जाऊ नयेत, हे खरेदीदाराच्या पैशाहून मोठे आहे. गायरान, देवस्थान इनाम, वनखात्याची हद्द ही तर निराळीच. चिंचोलीच्या डोंगरांचा मोठा भाग २०११ पासून अभयारण्य आहे, हे पत्रकात छापलेले आम्ही कोठे पाहिले नाही.

आणखी एक गोष्ट. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. अहमदपूर, उदगीर, निलंगा एकीकडे, जहिराबाद व नारायणखेड दुसरीकडे, आणि बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण तिसरीकडे. त्यामुळे येथल्या एकाच जमिनीचे जुने कागद उर्दूत किंवा मोडीत आणि नवी पहाणी कन्नडात असते. मराठी खरेदीदार ह्यांतले काहीच वाचू शकत नाही. विकणाऱ्याने आणलेला दुभाषी जे सांगेल ते ऐकून तो अंगठ्याऐवजी सही करतो एवढेच. ह्या जिल्ह्यात घर करावयाचे तर कन्नड शिकण्यास कसली लाज आहे? निदान आपला म्हणून एक कन्नड जाणणारा वकील बरोबर न्यावा.

ज्यांना क्षेत्राजवळ राहावयाचेच आहे, त्यांनी पांढरीत राहावे. भालकी, बसवकल्याण, आळंद, हुमनाबाद येथल्या जुन्या पेठांतून कुलूप लागलेले वाडे कितीतरी आहेत. त्यांचे धाबे उतरवून हलके छत घालता येते, भिंती बांधून काढता येतात, आड उपसता येतो. शेजार मिळतो, दवाखाना जवळ असतो, आणि पहाटेची काकड आरती टेकडीवरून ऐकण्याऐवजी जाऊन करता येते. वाड्याला वारस सतरा असतात, सह्या मिळविताना जीव मेटाकुटीस येतो, हे आम्हांस अनुभवाने ठाऊक आहे. तरीही ते कष्ट करावे.

आणि ज्यांना इतके सांगूनही टेकडीच हवी असेल, त्यांनी ती श्रावणात पाहू नये. वैशाखात जावे, दुपारी जावे, विकणाऱ्याला बरोबर नेऊ नये. आधी खालच्या वाडीत उतरावे, तेथल्या म्हाताऱ्या बाईला पाणी कोठून आणता हे विचारावे, आणि मग तिच्याबरोबर त्या विहिरीपर्यंत चालत जावे. तिची वाट आपण घेत असलेल्या पाच गुंठ्यांतून जात असेल, तर इसाराचे पैसे खिशात ठेवूनच परतावे.

राहिले विश्वस्त. गाणगापूरच्या संगमावरचा भस्माचा डोंगर शतकानुशतके भक्तांनी चिमूट चिमूट नेला, आणि त्याची महती वाढली. चिमटीने नेणे आणि यंत्राने कोरणे ह्यांतला भेद ज्यांना कळत नाही त्यांच्या हाती देवाच्या किल्ल्या आहेत, हे आम्हांस लिहावे लागते. महाद्वारात जमिनीची पत्रके वाटण्यास मनाई करावी, देवस्थानच्या झऱ्यावरच्या माथ्याची मोजणी करून घ्यावी, आणि तेथे कूपनलिका व शोषखड्डे होऊ नयेत म्हणून ग्रामपंचायतीकडे व जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा. येत्या उत्सवाच्या सभेत हा विषय कार्यपत्रिकेवर घ्यावा, अशी मागणी आम्ही तीन देवस्थानांकडे पाठविली आहे. अद्याप एकाचेही उत्तर आलेले नाही.