शोकेसमधलं शेण

आमच्या शोकेसमध्ये, ताजमहाल आणि गजानन महाराजांच्या फोटोच्या मधे, बटाट्याएवढा एक दगड आहे. परवा भाच्याने विचारलं, "मामा, हे काय?" म्हटलं, "डायनोसॉरचं शेण." तो हसून हसून लोळला. मग एकदम म्हणाला, "तुला कोणी दिलं?"

इथे माझी पंचाईत झाली. दिलं कोणीच नव्हतं, मीच उचललं होतं!

वरोऱ्याला आनंदवन बघायला नागपूरचे सगळेच जातात. त्याच भागातल्या पिसदुऱ्याला कोण जातं? कॉलेजात असताना आम्ही गेलो होतो. तिथल्या लाल मातीत हे गोटे मिळतात. खिशात टाकला, झालं. खडकाचं नाव लमेटा, जबलपूरजवळच्या लमेटा घाटावरून पडलेलं. आपला काळा दगड लाव्हातून झाला, त्याच्या खालचा हा थर, साधारण साडेसहा-पावणेसात कोटी वर्षांपूर्वीचा.

जवळच्याच डोंगरगावला 1984 ते 86 मध्ये एका प्रचंड डायनोसॉरची हाडं खणून काढली. ती गेली कोलकात्याला. खणणारी भारतीय सांख्यिकी संस्था, म्हणून 2003 मध्ये नावही पडलं 'इसिसॉरस'. आपल्याकडे लगेच 'विदर्भावर अन्याय' सुरू होतं. मीही खूप वर्षं तेच म्हणायचो. आता नाही म्हणत. त्यांनी निदान हाडं एकत्र ठेवली, कुठे मिळाली ते लिहून ठेवलं, अभ्यास केला. (गुजरातेत बालासिनोरजवळ याच खडकावर 2019 मध्ये संग्रहालय झालं. तसं पिसदुऱ्याला व्हावं, हे मात्र मी म्हणत राहणार.)

आणि शेणाचं म्हणाल तर 2005 मध्ये पिसदुऱ्याच्या अशाच गोट्यांत गवताचे सूक्ष्म कण सापडले. तोवर समज असा, की डायनोसॉर गेल्यावर गवत आलं. त्या गवतात भाताचे नातलगही होते. भंडारा-गोंदियाकडच्या माझ्या सासरच्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांची कॉलर ताठ झाली.

माझ्या दगडात काय असेल? कोणी तपासलं नाही, तपासणार तरी कसं, तो ताजमहालाशेजारी धूळ खातोय. माझ्यासारखे किती जण तिथून खिसे भरून आले असतील कोण जाणे.

भाचा म्हणाला, "मग परत ठेवून ये ना!"

गेलो असतो रे. पण तो नेमका कोणत्या शेतात उचलला, तेच आता आठवत नाही.