नाग बांधावरचा, लस कोणत्या विषाची?

पेठ वडगांवच्या शिवारांत उसाचा फड दाट झाला, कीं उंदीर येतात, आणि उंदरांमागून नाग येतो. हें येथल्या लहान पोरालाहि ठाऊक आहे. त्या नागाच्या विषाविषयीं शास्त्र आज काय म्हणतें, हें मात्र रात्रीं उसाला पाणी पाजणाऱ्याला, गुऱ्हाळावर राबणाऱ्याला, कुंभारवाड्यांत भुईवर वाकळ टाकून निजणाऱ्याला कोणी येऊन सांगितलें आहे काय?

सन २००० ते २०१९ या काळांत भारतांत सुमारें बारा लक्ष माणसें सर्पदंशानें मेलीं, म्हणजे सालीना सरासरी अठ्ठावन हजार, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झाला. यांत माडीवरचे किती आणि बांधावरचे किती, हें शेतकरी बंधूंना सांगावयास नको.

नाग आणि मण्यार हे एका कुळांतले. घोणस-फुरशांचें विष मुख्यतः रक्त नासवतें. या दोघांचें मज्जातंतूंवर चालतें. मेंदूचा हुकूम मज्जातंतूंतून स्नायूपर्यंत जातो. त्या सांध्यावर स्नायूला जणूं कुलूप असतें, आणि मज्जातंतूंतून सुटलेला रस ही त्याची किल्ली. नागाचें विष त्या कुलपांत खोटी किल्ली होऊन अडकून बसतें. पापण्या मिटतात, जीभ जड होते, आणि शेवटीं छातीचा भाता थांबतो. मण्यारीचें याहून वाईट. तिच्या विषांतील एक भाग मज्जातंतूचें टोंकच मोडून टाकतो. तें पुन्हा जुळून येईपर्यंत रोग्याला, लस देऊनहि, कित्येक दिवस श्वासाच्या यंत्रावर ठेवावें लागतें.

लस होते ती अशी. घोड्याला थोडें थोडें विष टोंचीत जातात. त्याच्या रक्तांत उतारा तयार होतो. तोच शुद्ध करून बाटलींत भरतात. काल्मेत नांवाच्या फ्रेंच वैद्यानें ही रीत १८९५ च्या सुमारास बसविली. आपल्या देशांतील लशीच्या एका मिलीलिटरनें नागाचें ०.६ मिलिग्रॅम आणि मण्यारीचें ०.४५ मिलिग्रॅम विष मारलें पाहिजे, असा दंडक आहे. माप चोख आहे. पण माप घेतलें तें कोणत्या मुलखांतील नागाच्या विषावर?

देशांतील लशीसाठीं लागणारें विष बव्हंशीं तमिळनाडूंतील इरुळ लोकांच्या सहकारी संस्थेंतून येतें. ही संस्था १९७८ सालीं निघाली. ज्या आदिवासींना शहाणे म्हणविणारे लोक रानटी म्हणत, त्यांच्या हातच्या कसबावर आज साऱ्या देशाची लस उभी आहे. त्यांचे उपकार मानावे तितके थोडेच. पण दक्षिणेंतील नाग आणि वारणाकांठचा नाग यांचें विष एकसारखें असतें काय?

नसतें, असें संशोधन सांगतें. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील कार्तिक सुनगर व त्यांच्या सोबत्यांनीं २०१९ सालीं आणि पुढें २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या शोधांत दिसून आलें, कीं एकाच जातीच्या नागाचें विष प्रांतोप्रांतीं बदलतें, आणि कांहीं ठिकाणच्या विषापुढें बाजारांतील लस उणी पडते. सिंधी मण्यारीसारख्या सापाच्या विषावरहि ती अपुरी ठरली. भक्ष्य, हवामान बदलेल तसें विष बदलतें. शेतकऱ्याला यांत नवल वाटूं नये. एकाच बियाण्याचा ऊस काळ्या रानांत वेगळा आणि माळावर वेगळा उतरतोच.

कोणी याचा अर्थ ‘लस कुचकामी’ असा काढील, तर तो आपल्याच माणसाचा जीव घेईल. आज हाच एक उतारा आहे. आमचें म्हणणें इतकेंच, कीं वारणा-पंचगंगेच्या खोऱ्यांतील नाग-मण्यारींचें विष काढून त्यावर ही लस तपासावी, आणि निकाल मराठींत छापावा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें परवान्यावांचून नाग धरतां येत नाहीं. कायदा योग्यच आहे. परंतु परवाना देणेंहि सरकारच्याच हातीं आहे. परळची हाफकीन संस्था १८९९ पासून उभी आहे, तेव्हां प्रांतांत विद्या नाहीं असेंहि नव्हे. आणि खेड्यांत संशोधन होत नाहीं म्हणणाऱ्यांनीं महाडास जाऊन पाहावें. जालना जिल्ह्यांतील एका गरीब घरांतून आलेले डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनीं तेथें राहून विंचूदंशावरचा उपाय जगाला दाखविला, आणि २००४ सालीं आपल्या पत्नीसह नाग-मण्यारीच्या दंशावरचा अनुभवहि प्रसिद्ध केला.

सर्पदंशाचे मृत्यु २०३० पर्यंत निम्मे करूं, असें केंद्र सरकारनें २०२४ सालीं जाहीर केलें आहे. शेतकरी सापानें मेला, तर राज्य सरकार त्याच्या घरीं दोन लक्ष रुपये देतें. तो मरूं नये म्हणून पंपाची वीज दिवसां द्या, हें मागावयास मात्र २०२२ सालीं कोल्हापुरांत धरणें धरावें लागलें!

तोंवर घरोघरीं एवढें कळलेलें असावें. मण्यार रात्रीं निजलेल्याला चावते. दुखत नाहीं, कधीं खूणहि दिसत नाहीं. शक्य तर खाटेवर निजावें, नाहींतर भुईवरच मच्छरदाणी लावून तिच्या कडा वाकळेखालीं चहूंबाजूंनीं खोंचाव्या. पहांटे कोणाच्या पोटांत कळ उठली आणि पापण्या उचलत नाहींत असें दिसलें, तर मांत्रिकाच्या दारीं किंवा देवळाच्या पायरीवर घटका घालवूं नये. जखम कापूं नये, चोखूं नये, दोरीनें करकचून आवळूं नये. हातपाय न हलवितां रोग्याला तडक जवळच्या सरकारी दवाखान्यांत न्यावें. तेथें श्वासाचें यंत्र नसेल, तर लस सुरू करून घेऊन लगेच पुढें कोल्हापुरास हलवावें, आणि वाटेंत श्वास मंदावतो काय, यावर एकानें सारखी नजर ठेवावी.