सांगावे की लपवावे?

एका भगिनीचे पत्र आहे : दुसऱ्या बाईचे स्त्रीबीज घेऊन मुलगी झाली. आता पाच वर्षांची आहे. पुढे तिच्या मनावर परिणाम होईल का?

ताई, ही धास्ती आम्ही पुष्कळांकडून ऐकतो. केंब्रिज विद्यापीठाच्या सुसान गोलोम्बॉक यांनी ब्रिटनमधील अशी ६५ कुटुंबे मूल तान्हे असल्यापासून वीस वर्षांचे होईपर्यंत पाहिली. कुणाला परक्याचे बीज, कुणाला दुसरीचे गर्भाशय. इतर ५२ कुटुंबांशी ती ताडून पाहिली. २०२३ साली निष्कर्ष छापून आला : मनाने ही मुले इतर मुलांसारखीच ठीक होती.

मात्र ज्या घरांत मुलाला सात वर्षांच्या आत सांगायला सुरुवात झाली, तिथे विसाव्या वर्षी आई-मुलाचे नाते अधिक चांगले दिसले. आईची चिंताही कमी. तुमच्याकडे अजून वेळ आहे. 'एका बाईने बीज दिले, म्हणून तू आमच्याकडे आलीस' एवढे आज पुरे. बाकीचे ती विचारील तसे.

सासरचे काय म्हणतील, हे तुम्ही लिहिलेले नाही, पण पत्रात ते आहेच. घरात दोघातिघांना ठाऊक असेल, तर नळावरच्या भांडणात कधी कुणाच्या तोंडून निघेल सांगता येत नाही. त्याआधी पोरीने ते तुमच्या मांडीवर बसून ऐकलेले असू द्या.