अंगणातली हिरवळ कुणाचे पाणी पिते?

शेजारच्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण परभणीकर विसरलेलो नाही. तरीही नवे घर झाले, ग्रामपंचायतीची इमारत उभी राहिली, की पुढे लॉन लावण्याची हौस काही सुटत नाही.

जरा हिशेब करा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद हिरवळीला भर उन्हाळ्यात रोज साधारण ५० लिटर पाणी लागते. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यात माणशी रोज ५५ लिटरचे माप धरले. म्हणजे एवढीशी हिरवळ जवळजवळ एका माणसाचे पाणी पिते. टँकर सुरू झाल्यावर ते कुणाच्या हंड्यातून जाणार?

मग अंगण भकास ठेवायचे का? मुळीच नाही. विहिरीच्या खोदकामातला दगड, मुरूम गावातच पडलेला असतो. झाडाच्या आळ्यात दोन-तीन इंच खडी पसरा, ओल टिकते. बुंध्याला मात्र टेकवू नका. आपली काळी जमीन पावसाळ्यात चिबडते, म्हणून कोरफड, निवडुंग मुरमाच्या उंचवट्यावर लावा. कडेला निंब, बोर, सीताफळ, कुंपणाला बोगनवेल. कण्हेर विषारी, तेव्हा गुरेढोरे, लेकरे असतील तिथे टाळा. पहिली दोन-तीन वर्षे न्हाणीचे पाणी द्या. पुढे झाड बरेचसे आपले आपण निभावते.

सरपंच मंडळींनी सुरुवात ग्रामपंचायतीच्या आवारापासून करावी. आणि लॉनच्या खर्चाचा ठराव आलाच, तर मे महिन्यात पाणी कुठून घालणार, हे ग्रामसभेत आधी विचारा.