सुरुंगातही कापूसच



कापसाच्या वेचण्या उरकत आल्या की सेनगाव, औंढा, कळमनुरीच्या शिवारात विहिरींची कामे निघतात. मुरूम संपतो, काळा पाषाण लागतो, आणि ब्लास्टिंगचा ट्रॅक्टर बोलवावा लागतो. कांड्या किती लागल्या हे आम्ही बोटावर मोजतो. कांडीत काय आहे ते विचारत नाही. कोणी सांगतही नाही, म्हणून हा प्रपंच.

'दारू' हा एकच शब्द आपण सगळ्याला लावतो, घोटाळा तिथेच आहे. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांची पूड. ती जळते; आग कणाकडून कणाकडे जाते. उच्च स्फोटकाची तऱ्हा निराळी. जळणारा पदार्थ आणि त्याला लागणारा प्राणवायू बहुधा एकाच रेणूत, नायट्रोजनच्या कच्च्या गाठीने बांधलेले असतात. नेमका धक्का बसला की गाठ सुटते आणि धक्क्याची लाट सेकंदाला काही हजार मीटर धावते. टीएनटीत सुमारे 6900, आरडीएक्समध्ये 8700 च्या घरात. टीएनटी आदळआपट सोसते म्हणून फौजांनी ते तोफगोळ्यात भरले. आरडीएक्स त्याहून जोरकस. विहिरीत या दोघांचे काम नाही.

विहिरीच्या कांडीचा वंश आपल्या घरचा आहे. 1846 साली शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने कापसापासून स्फोटक तयार केले. नोबेलने 1867 मध्ये डायनामाइटचे पेटंट घेतले, आणि 1875 मध्ये तोच स्फोटक कापूस नायट्रोग्लिसरिनमध्ये मिसळून जिलेटिन काढले. आज कांडीत बहुधा अमोनियम नायट्रेटची स्लरी किंवा इमल्शन असते, नाव मात्र जिलेटिनच राहिले. बंदुकीच्या गोळीमागच्या दारूला सरकीवर उरलेली बारीक लव अजूनही चालते. त्या लवीचा भाव कोणत्या बाजार समितीच्या फळ्यावर लागतो? आम्हाला तरी दिसला नाही.

कापूस आणि स्फोटके शेजारी ठेवली की काय होते, ते मुंबईने 14 एप्रिल 1944 रोजी पाहिले. व्हिक्टोरिया गोदीतल्या फोर्ट स्टिकिन जहाजावर सुमारे 1400 टन स्फोटके होती आणि कराचीहून भरलेल्या कापसाच्या हजारो गाठी. दुपारी कापूस धुमसू लागला, बंब आले, पाणी मारले. आग आटोक्यात येईना, आणि जहाज खोल पाण्यात न्यायचे की जागीच बुडवायचे याचा निर्णय होईना. 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा. जळत्या गाठी वस्त्यांवर पडल्या. आठशेच्या वर माणसे गेली, त्यांत अग्निशमन दलाचे जवान होते. देशभर 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात, तो त्यांच्यासाठी.

अमोनियम नायट्रेट तर खतच. तरी 1921 साली जर्मनीत ओप्पाऊ येथे खताचा घट्ट झालेला ढीग सुरुंगाने फोडताना ढीगच फुटला आणि पाचशेहून जास्त लोक मेले. 2020 मध्ये बैरूत बंदरात 2750 टन साठा वर्षानुवर्षे पडून होता. त्याचे काय झाले ते जगाने पाहिले. आपल्याकडे 2012 चे अमोनियम नायट्रेट नियम आहेत, 2008 चे स्फोटके नियम आहेत. सुरुंग लावणाऱ्याकडे परवाना हवा, हे त्यातच लिहिले आहे.

कागदावर पोत्यापोत्याचा हिशेब. खड्ड्यात उतरणाऱ्या गड्याचा हिशेब कोण ठेवतो? न उडालेले भोक सर्वांत घातक. ते उकरू नये, त्यात पुन्हा पहार घालू नये, परवानाधारकाशिवाय जवळ जाऊ नये. पण घाई असते, ट्रॅक्टरचे भाडे चढत असते, यारी अडून असते. ही घाई मूर्खपणाची नाही, तोट्याच्या शेतीची आहे.

म्हणून जिल्हा बैठकीत आम्ही तीन ठराव मांडणार आहोत. सरकारी विहिरीच्या अंदाजपत्रकात परवानाधारक सुरुंगवाल्याची मजुरी वेगळी धरावी. प्रत्येक तालुक्यातील अशा परवानाधारकांची यादी तहसीलच्या फळ्यावर लावावी. विहिरीवरच्या मजुराचा विमा काम सुरू होण्याआधी उतरवावा, त्याचा हप्ता शेतकऱ्याच्या माथी न मारता. गावोगावच्या शाखांनी आपल्या शिवारातील अपघातांची तारीखवार नोंद करून बैठकीला आणावी.