पदाची चाल आणि परक्या घरचा ध्वनी

मराठी संगीत नाटकांच्या छापील प्रती चाळणाऱ्या अभ्यासकाला पदाच्या शिरोभागी असलेली एक छोटी ओळ परिचयाची असते. तीत राग असतो, ताल असतो, आणि पुष्कळदा ‘चाल’ या शब्दापुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे आरंभीचे शब्द असतात. १८८० साली ‘शाकुंतल’ आणि १८८२ साली ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणणाऱ्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या काळी एवढी खूण पुरेशी होती, कारण जिच्याकडे ती बोट दाखवीत होती ती चाल लोकांच्या कानांत होती. आज त्यांतील कितीतरी मूळ गाणी विस्मरणात गेली आहेत. खूण शाबूत आहे. खुणेचा धनी मात्र घर सोडून गेला आहे. चर्यापदांच्या माथ्यावरील पटमंजरीसारखी रागनामे घेतली किंवा ‘गीतगोविंदा’तील अष्टपदींवरील रागतालांचे निर्देश घेतले, तरी थोड्याफार फरकाने हीच स्थिती दिसेल. भारतीय भाषांतील गेय वाङ्मयाची संहिता आपला ध्वनी सहसा स्वतःजवळ बाळगीत नाही, तो इतरांच्या स्मृतीवर सोपवून ती मोकळी होते.

संगणकामुळे ही उणीव काही अंशी भरून काढता येईल, ही अपेक्षा गैर नाही. पदाची संहिता पडद्यावर यावी, शेजारी स्वरलिपी असावी आणि कळ दाबताच विद्यार्थ्याला चाल ऐकू यावी, असे वेब-उपयोजन भाषाविभागातील एखादा होतकरू अध्यापक आज थोड्या खटपटीने रचू शकतो. ब्राउझरमध्ये ध्वनी निर्माण करण्याची प्रमाणित व्यवस्था सिद्ध झालेली आहे; तिला २०२१ साली वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची अंतिम शिफारसही मिळाली. अडचण निराळीच आहे. अशा उपयोजनात बहुधा वाद्य नसतेच. पृष्ठ उघडले की ब्राउझर कोठल्या तरी दूरच्या सर्व्हरकडून त्या वाद्याच्या स्वरांची फाइल मागवितो. पियानोच्या ८८ पट्ट्यांइतके सुटे स्वर मुद्रित करून, ते अक्षरांच्या सांकेतिक रूपात बांधून ठेवलेले तयार संच फुकट उपलब्ध आहेत आणि उपयोजनकर्ता केवळ त्यांचा पत्ता लिहून मोकळा होतो. हे नाटकाच्या प्रतीत ‘चाल’ लिहिण्यासारखेच झाले. तो दूरचा पत्ता बदलला, त्या सर्व्हरच्या मालकाने नियम कडक केले, किंवा महाविद्यालयातील इंटरनेट ऐन तासाच्या वेळी बंद पडले, की पद पुन्हा मुके होते.

यावर उपाय साधा आहे. वाद्यांच्या ध्वनिफायली विभागाच्या स्वतःच्या सर्व्हरवर, संहितेच्या शेजारी ठेवाव्यात. एका वाद्याचा संच काही मेगाबाइटांचा असतो. अक्षरबद्ध रूपात आकार सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो, तरीही आजच्या साठवणक्षमतेत तो भार नगण्यच म्हणावा लागेल. एक दक्षता मात्र हवी. सगळे पेनड्राइव्हवर उतरवून दिले की काम भागले, असा समज आढळतो तो खरा नाही. सुरक्षिततेच्या नियमांमुळे ब्राउझर थेट डिस्कवरून उघडलेल्या पृष्ठाला शेजारची फाइलही सहसा मागवू देत नाही. त्यासाठी त्याच यंत्रावर लहानसा स्थानिक सर्व्हर चालवावा लागतो. ते काम एका दुपारचे आहे.

तथापि सोय आणि टिकाऊपणा एवढ्यावरच हा प्रश्न मिटला असता, तर तो तंत्रज्ञांवर सोपविणे योग्य ठरले असते. खरा प्रश्न पुढे आहे, आणि तो साहित्याच्या अभ्यासकाचा आहे. उसने आणलेले हे वाद्य कोणाचे? १९९१ साली निश्चित झालेल्या जनरल मिडी या प्रमाणात १२८ वाद्यांना क्रमांक मिळाले. त्यांत सतार १०५ वी आणि सनई ११२ वी. दोघी बँजो, कोटो आणि बॅगपाइप यांच्यासह ‘वांशिक’ असे नाव दिलेल्या आठांच्या गटात बसविल्या आहेत. तंबोरा, तबला, पखवाज, सारंगी, वीणा यांना क्रमांकच नाही. (जपानी ताइको ढोलाला तो आहे.) म्हणजे कीर्तनाचे पद ऐकवू पाहणाऱ्याला मृदंग नाही, टाळ नाही, त्याने पियानोवर समाधान मानावे, अशी ही व्यवस्था.

स्वरस्थानांची गोष्टही तशीच. या संचांतील सप्तक बारा समान भागांत विभागलेले असते. त्यातील गांधार स्वयंभू गांधारापेक्षा सुमारे १४ सेंटने चढा असतो. हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला आणि न्यायाधीश क्लेमंट्स यांच्यासह श्रुतींची पेटी सिद्ध करण्याचा उद्योग केला. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली हार्मोनियमवर घातलेली बंदी १९७१ पर्यंत टिकली, तिच्यामागेही हाच आक्षेप होता. आकाशवाणीच्या दारात पेटीला तीस वर्षे अडविणाऱ्या देशाच्या विद्यापीठांनी परक्या संचातील सप्तक कसलीही शंका न घेता पदरात घ्यावे, हे विचित्रच म्हटले पाहिजे. फायली स्वतःजवळ असल्या तर प्रत्येक स्वर हवा तितका उतरवता येतो, एखादा काढून त्या जागी सांगलीच्या किंवा मिरजेच्या वादकाने वाजविलेला बसविता येतो. मींड मात्र सुट्या स्वरांच्या कोणत्याच संचातून निघणार नाही. तिच्यासाठी सलग मुद्रणच ठेवावे लागेल.

यावर असा आक्षेप येईल की, प्रत्येक विभागाने आपापले कोठार थाटले तर श्रम वाया जातील आणि व्यवस्थापक निवृत्त झाला की कोठाराला कुलूप लागेल. आक्षेपात तथ्य आहे. ती भीती दूरच्या सर्व्हरलाही तितकीच लागू पडते, एवढेच. मात्र तेथील कुलपाची किल्ली विभागाच्या हाती कधीच नसते. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह जमविलेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या आणि त्यांतील अनेकींची ध्वनिमुद्रणे २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेच्या वतीने लोकांपुढे येत आहेत, याचे कारण तो संग्रह त्यापूर्वी कोणीतरी स्वतःच्या घरी, नीट नोंदी ठेवून सांभाळला होता. तेथे ओवीसोबत गाणारीचे आणि गावाचे नाव आहे. वाद्यध्वनींच्या फायलींनाही अशीच नोंद हवी: वाद्य कोणते, वाजविले कोणी, षड्ज कोणत्या पट्टीचा, मुद्रण कोणत्या वर्षीचे, आणि वापराचा परवाना कोणता. तयार संच फुकट असले तरी प्रत्येकाचा परवाना वेगळा असतो, आणि काहींत कर्त्याचा नामनिर्देश बंधनकारक असतो. तो परवाना फायलींच्याच कप्प्यात, त्यांच्याबरोबर ठेवावा.