आजीचा अडकित्ता



दर आठवड्याला खते, बियाणे, कीड-रोग यांवर तुमच्याशी बोलतो. आज जरा वेगळी वाट धरू या.

तुमचे पुण्याला जाणे होतेच. कुणी मार्केट यार्डात माल नेतो, कुणी दवाखान्याला जातो, कुणी कोर्टाच्या तारखेला. काम उरकले की गाडीला दोन-तीन तास उरतात आणि ते स्टँडवर जांभया देत जातात. मीही वर्षानुवर्षे तेच केले. कलेची दालने शहरातल्या जाणत्यांसाठी, आपण तिथे काय बघणार, असे वाटायचे.

एकदा पावसाने गाठले म्हणून शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात शिरलो. बघतो तर काय, सगळा आपलाच संसार! दिवे, समया, वज्र्या, कोरीव दरवाजे आणि काचेआड अडकित्ते. माझ्या आजीचा अडकित्ता असाच होता, पितळेचा, पोपटाच्या घाटाचा. वडील गेल्यावर घर आवरताना मीच तो मोडीत दिला, वजनावर. त्या काचेपुढे पाय खिळले.

हा संग्रह कुणा राजेरजवाड्याचा नाही बरे. दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांचे पुण्यात चष्म्याचे दुकान. ‘अज्ञातवासी’ नावाने ते कविता लिहीत. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याचे नाव या संग्रहाला दिले. पत्नी कमलाबाईंच्या साथीने गावोगाव फिरून त्यांनी वस्तू जमवल्या, त्या वीस हजारांच्या घरात गेल्या. हे सारे धन त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या हवाली केले. आपण अडगळ म्हणून टाकतो ते या माणसाने पोटच्या पोरासारखे जपले.

आता बघायचे कसे? शिवारफेरीत आपण रोप न् रोप बघत नाही. चार ठिकाणी थांबतो, पान उलटून बघतो. इथेही तसेच करा. पाच वस्तू निवडा. धातू कोणता, झीज कुठे झाली, हात कुठे धरत असेल, हे निरखा. मग स्वतःला विचारा, सुपारी साध्या पात्यानेही फुटते, मग त्याला पोपट कशाला? कुण्या कारागिराला वाटले, रोजच्या वापरातली वस्तूही देखणी असावी. त्याचे नाव कुठेच लिहिलेले नाही, पण असा कारागीर तुमच्या-माझ्या गावातही होता.

जंगली महाराज रस्त्यावर १९६८ साली उघडलेल्या बालगंधर्व रंगमंदिरात कलादालन आहे. तिथे चित्रांची प्रदर्शने भरतात. तिथेही संकोच नको. चित्र कळले नाही तर चित्रकार बहुधा जवळच असतो, त्याला विचारा. बियाणे घेताना दुकानदाराला दहा प्रश्न विचारता ना?

पुढच्या खेपेला घरच्या बाईमाणसांना, पोरांनाही न्या. आणि दिवाळीची साफसफाई निघाली की भंगारवाल्याला हाक मारण्याआधी माळ्यावरची जुनी वस्तू घरातल्या थोरल्या बाईपुढे ठेवा. ती कुणाची, कुठून आली, हे ऐका आणि कागदावर लिहून वस्तूला बांधून ठेवा.

माझ्या आजीच्या अडकित्त्याचे मला किती रुपये आले, ते आज आठवतही नाही. पण तिने कातरलेल्या सुपारीचा आवाज अजून कानात आहे.

बरे, पुढच्या आठवड्यात पुन्हा शेतात भेटू.